आधी मीटर लावा

हेडलाइटचा उजेड पडत नाही अशी तक्रार घेऊन ॲक्सेसरीच्या दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं असतं. शंभर-नव्वद वॅटचे बल्ब टाका, नाहीतर सरळ एलईडी बसवा. दुकानदार दिव्याच्या काचेवरून हात फिरवत नाही, बॅटरीला मीटर लावत नाही, गाडी भिंतीसमोर उभी करून फोकस बघत नाही. सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले जाणकारही हाच सल्ला देतात. त्यांच्या बोलण्यात खात्री असते, कारण बल्ब बदलल्यावर त्यांना खरोखरच जास्त लख्ख दिसलेलं असतं. या सल्ल्याला मला इथे सविस्तर विरोध करायचा आहे. तो कायद्यात बसत नाही हे खरंच आहे, पण माझा पहिला आक्षेप तो नाही. हा सल्ला विजेच्या हिशेबात चुकतो, प्रकाशाच्या हिशेबात चुकतो आणि त्याची किंमत समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडून वसूल होते.

या सल्ल्यामागचं गृहीतक असं की कंपनीने दिलेला बल्बच मुळात अशक्त आहे. आकडे बघू. आपल्याकडच्या बहुतेक हॅलोजन गाड्यांत एच४ जातीचा, ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा बल्ब अपरवर सुमारे १६५० आणि डिपरवर सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो, पण केव्हा? त्याच्या पिनांवर १३.२ व्होल्ट पोहोचत असतील तेव्हा. हॅलोजनची तार व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवी असते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर प्रकाश दहा टक्क्यांनी घटत नाही, जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट ठेवतो. समजा बॅटरीवर १४ व्होल्ट आहेत आणि बल्बपर्यंत १२.३ पोहोचतात. मधल्या वायरिंगमध्ये १.७ व्होल्ट गेले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एवढ्यात एक तृतीयांशाहून अधिक उजेड गेलेला असतो. बल्ब नवा, काच नवी, तरी रस्ता अंधुक.

जुन्या गाड्यांत असं होणं अपवाद नाही. अनेक जुन्या मॉडेलांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून फ्यूज बॉक्समध्ये, तिथून स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये, तिथून डिपरच्या संपर्कांतून परत पुढे दिव्यापर्यंत असा फिरून येतो. वायर बेताच्या जाडीची. वाटेत अनेक जोड, आणि प्रत्येक जोडावर वर्षानुवर्षांचा कार्बन, धूळ, ओल. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो तो वेगळाच. दिव्यातून परतणारा करंट बॉडीला जोडलेल्या अर्थच्या बोल्टमधून बॅटरीकडे जातो, आणि तो बोल्ट बहुधा रंगावर कसलेला किंवा गंजलेला असतो. माझ्या मते मंद हेडलाइटच्या तक्रारीत सगळ्यात दुर्लक्षित राहणारा भाग हा अर्थचा बोल्टच आहे. प्लसची वायर सगळे तपासतात. अर्थ आहेच असं धरून चालतात.

आता या वायरिंगवर शंभर-नव्वदचा बल्ब चढवा. एखाद्या जोडात ०.१ ओहम रोध आहे असं धरू. साध्या बल्बचा करंट ५ अँपिअर धरला तर त्या जोडात अर्धा व्होल्ट जातो आणि अडीच वॅट उष्णता तयार होते. शंभर वॅटच्या बल्बला ८ अँपिअरहून थोडा जास्त करंट लागतो. आता त्याच जोडात ०.८ व्होल्ट जातात आणि उष्णता जवळपास सात वॅट होते. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये सात वॅट. कपलर आधी तपकिरी होतो, मग मऊ पडतो, मग त्यातली पिन सैल होऊन रोध आणखी वाढतो. गॅरेजमध्ये वितळलेले होल्डर, काळवंडलेले डिपर स्विच दिसतात त्यामागे अनेकदा हीच गोष्ट असते. टाकीतून येणारी नळी चोंदलेली असताना मोठी तोटी बसवून पाणी वाढत नाही. इथे तर पाणी वाढत नाहीच, वर नळी तापते.

आणि समजा वायरिंग निर्दोष आहे. तरी मिळालं काय? प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. दुप्पट लांबवर तेवढाच उजेड हवा असेल तर चौपट प्रकाश लागतो. साठचा शंभर वॅट केला, आणि प्रकाशही त्याच प्रमाणात वाढला असं उदारपणे मानलं, तरी दिसण्याचं अंतर तीस टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. त्या बदल्यात परावर्तकाचा चांदीसारखा मुलामा जादा उष्णतेने करपतो, आणि एकदा तो करपला की कोणताही बल्ब लावा, दिवा मेला. ‘पांढराशुभ्र उजेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निळसर काचेच्या हॅलोजनबद्दल थोडक्यात सांगतो: तो निळा थर प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो. रंग बदलतो, उजेड वाढत नाही.

मग करायचं काय? मीटर लावायचा. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शंभर रुपयांत मिळतो आणि कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतोच. इंजिन चालू ठेवून डिपर लावा, बॅटरीच्या दोन टर्मिनलवरचा आकडा घ्या. मग दिव्यामागचं रबरी झाकण काढून, बल्ब पेटलेला असतानाच, कपलरच्या मागच्या बाजूने पिनांना मीटरचे टोचे लावा आणि तिथला आकडा घ्या. बल्ब पेटलेला असताना, यावर माझा जोर आहे, कारण अनेक गॅरेजांत कपलर काढून रिकाम्या पिनेवर मोजतात, बारा-तेरा व्होल्ट दिसले की “सप्लाय ओके” म्हणून मोकळे होतात आणि गिऱ्हाईक नव्या बल्बांसाठी दुकानाकडे वळतं. करंट वाहत नसेल तर खराबातला खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दोष कळतो तो भार असतानाच.

दोन आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला दोष देऊ नये. व्होल्टच्या पुढे गेला असेल तर तो कुठे जातोय ते शोधायचं. मीटरचा एक टोचा बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा बल्बच्या प्लस पिनेला लावला की प्लसच्या वाटेतली गळती थेट दिसते. तसंच बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ पिन. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर बोल्ट काढा, खालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा, रिंग टर्मिनल बदला, घट्ट कसा, वरून थोडं व्हॅसलीन लावा. या कामाला लागतो तो वेळ. पैसे जवळपास लागतच नाहीत. एकच दिवा मंद आणि दुसरा चांगला असेल तर संशय आधी त्या बाजूच्या अर्थवर किंवा कपलरवर घ्यावा. इंजिन आयडलला असताना दोन्ही मंद आणि रेस दिली की उजळतात, असं असेल तर बल्बकडे बघूच नका. अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि बॅटरीची टर्मिनलं बघा.

प्लसच्या लांब वाटेवरचा इलाज रिले. बॅटरीजवळून फ्यूजमार्गे अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर थेट रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर, ८७ वरून दिव्याला, आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचकडून येणारी जुनी वायर फक्त रिलेची कॉइल ओढायला, म्हणजे ८५-८६ ला. स्विचवरचा भार नाहीसा होतो, बल्बला जवळजवळ बॅटरीएवढे व्होल्ट मिळतात. काही जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये बल्बला प्लस थेट येतो आणि स्विच अर्थची बाजू तोडतो, तिथे जोडणी वेगळी करावी लागते, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं. पण ६०/५५ चाच बल्ब ठेवून, चांगला अर्थ आणि रिले देऊन, मंद दिवे उजळलेले मी पाहिले आहेत. मालकाला बल्ब बदललेला नाही हे पटवून द्यावं लागतं.

आता एलईडीवाले म्हणतील, हे सगळं शंभर वॅटच्या बल्बबद्दल झालं. एलईडीला करंट कमी लागतो, वायर तापत नाही, व्होल्टेज कमी असलं तरी फरक पडत नाही. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते मान्य करतो. म्हणूनच एलईडीचा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तो वायरिंगमध्ये दिसत नाही. तो दिव्याच्या बाहेर, रस्त्यावर होतो.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब आणि त्यामागचा आरसा नव्हे. परावर्तकाचा प्रत्येक तुकडा एका ठरावीक जागी असलेल्या, ठरावीक लांबीच्या तारेसाठी आखलेला असतो, आणि ती जागा मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या भागावर प्रकाश पडूच देत नाही, कारण तिथून तो वर उसळून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. भिंतीवर डिपर मारला की वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते ती अशी तयार होते. आपण डावीकडून चालतो, म्हणून ही रेघ डाव्या बाजूला वर चढते. उजवीकडे, जिथे समोरून गाडी येते, ती खाली दबलेली असते.

या जागी एलईडी बल्ब बसवला की प्रकाश तारेऐवजी एका पातळ पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपमधून निघतो. पट्टीला जाडी असते, चिपचा आकार वेगळा, प्रकाश सगळीकडे सारखा न जाता दोन बाजूंना जास्त जातो. परावर्तकाला हे ठाऊक नाही. तो तारेसाठी केलेल्या गणिताने तो प्रकाश फेकत राहतो. मग रेघ विस्कटते. काही प्रकाश वर जातो, बराचसा बंपरसमोर सांडतो. आणि चालकाची इथेच फसवणूक होते: गाडीपुढचे पहिले दहा-पंधरा मीटर दुधासारखे पांढरे दिसतात, म्हणून उजेड वाढला असं वाटतं. पण जवळची जागा जितकी झगझगीत, तितका डोळा तिच्याशी जुळवून घेतो आणि साठ-सत्तर मीटरवरची काळी वस्तू आणखी काळी होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. पंधरा मीटरवर दिसलेल्या वस्तूचा चालकाला काहीही उपयोग नाही.

“मग नव्या गाड्यांना कंपनी स्वतः एलईडी का देते?” हा प्रश्न हमखास येतो. ती देते कारण तिथे पूर्ण दिवाच एलईडीसाठी घडवलेला असतो: चिप, परावर्तक किंवा प्रोजेक्टर, उष्णता बाहेर काढणारा सांगाडा, सगळं एकत्र आखून एकत्र तपासलेलं. हॅलोजनच्या घरात एलईडीचा बल्ब खोचणं ही निराळी गोष्ट आहे. जर्मनीत २०२० मध्ये ऑस्राम कंपनीच्या हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची मान्यता मिळाली, हे दाखला म्हणून सांगितलं जातं. तो दाखला नीट वाचला तर माझ्याच बाजूने आहे. ती मान्यता सरसकट नाही; गाडीचं मॉडेल आणि दिव्याचा प्रकार घेऊन, प्रत्यक्ष चाचणीत फेक बरोबर आली तर त्या गाडीपुरती. यादीत नसलेल्या गाडीत तोच बल्ब बेकायदा. आपल्या दुकानात खोक्यावर कितीही हजार ल्युमेन छापलेले असोत, तुमच्या गाडीच्या दिव्यात तो बल्ब प्रकाश कुठे फेकतो हे कोणी मोजलेलं आहे?

ही रेघ कोणाला वाचवते ते सांगायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर रात्रभर ऊस वाहिला जातो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, अनेकदा मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. पहाटे ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या निघतात, गाडीवर बायका-मुलं बसलेली असतात. ही सगळी वाहनं रस्त्याच्या डाव्या कडेने जातात. डिपरची डावीकडे चढणारी रेघ त्यांच्यासाठी आहे, सायकलवाल्यासाठी आहे, वारीत पहाटे चालणाऱ्या दिंडीसाठी आहे. तुमच्या दिव्यातली ती रेघ विस्कटली की डावी कड सगळ्यात आधी अंधारात जाते. आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचा विखुरलेला प्रकाश गेला की त्याच्या डाव्या कडेची ट्रॉली त्याला दिसत नाही. ताशी ६० च्या वेगाने तो सेकंदाला जवळपास सतरा मीटर जातो. डोळा सावरायला तीन सेकंद लागले तर तो पन्नास मीटर आंधळा गेला. साठीच्या माणसाला, मोतीबिंदूची सुरुवात झालेल्याला, यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग अपघात होतो, पंचनाम्यात ‘अंधारात उभी ट्रॉली न दिसल्याने’ असं काहीतरी लिहिलं जातं, आणि ज्याच्या दिव्यांनी डोळे दिपवले तो तोवर मैलभर पुढे गेलेला असतो. त्याला कधी कळतही नाही. मला या विषयाचा संताप येतो तो इथे.

“समोरचे सगळे एलईडी लावून येतात, मग मी का मागे राहू?” असं म्हणणाऱ्याचा त्रास खरा आहे, पुणे-कोल्हापूर किंवा मुंबई-गोवा महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने तो भोगलेला आहे. पण उपाय चुकीचा आहे. समोरच्या दिव्याने तुम्ही दिपता तेव्हा त्याचा प्रकाश तुमच्या डोळ्याच्या भिंगात आणि विंडस्क्रीनवर विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा पसरतो. तुमच्या गाडीचे दिवे दुप्पट केले तरी तो पडदा हटत नाही. विंडस्क्रीन आतून पुसली तर थोडा हटतो. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा तेलकट थर आतल्या बाजूला बसतो, आणि कित्येक गाड्यांत तो वर्षानुवर्षं कोणी काढलेला नसतो. वायपरचे ओरखडे पडलेली काच, वर्षानुवर्षं न तपासलेला चष्म्याचा नंबर, हेही मंद हेडलाइटचेच प्रकार आहेत, कारण चालकाला तेवढंच समजतं की दिसत नाही.

दिव्याच्या काचेकडे वळू. आता ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा कडक थर दिलेला असतो. आपल्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा तो थर काही वर्षांत झिजतो, खालचं प्लॅस्टिक पिवळं आणि दुधी होतं. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, पिवळ्या पडलेल्या दिव्यांची मोजणी केली, तेव्हा नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांतून सुमारे वीस टक्केच प्रकाश मिळत असल्याचं आढळलं. अशा काचेमागे दुप्पट ताकदीचा बल्ब लावला तर नव्या दिव्याच्या निम्मादेखील उजेड पुढे जात नाही, आणि दुधी थर बाकीचा प्रकाश सगळीकडे उधळतो. इलाज म्हणजे वॉटर पेपर: पाणी मारत आधी ८०० नंबरचा, मग १०००, २०००, ३००० आणि शेवटी बफिंग. मात्र त्यावर अतिनील किरण अडवणारा थर लावला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टने घासण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो त्यात नेमका हाच भाग गाळलेला असतो. उरलासुरला थर घासून जातो आणि नवा कोणी देत नाही. आतून धुकं धरत असेल किंवा परावर्तकच काळा पडला असेल तर घासत बसू नये, दिवा बदलावा.

फोकसची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र हा वाद पुरा होत नाही. दिवा पूर्ण ताकदीने पेटला, काच आरशासारखी आहे, तरी रस्ता दिसत नाही, अशा गाड्या खूप आहेत. बंपरला धक्का लागून दिव्याची कडी मोडलेली असते, बल्ब बदलताना तो खाचेत नीट न बसता तिरका राहिलेला असतो, किंवा डॅशबोर्डवरच्या ०-१-२-३ लिहिलेल्या छोट्या चाकाला मालकाने कधी हातच लावलेला नसतो. ते चाक दिवा खाली-वर करतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा दिवे खाली घेण्यासाठी ते आहे. एकटा चालक असेल तर चाक शून्यावर हवं. ते तीनवर राहून गेलेलं असेल तर दिवे जमिनीकडे बघत असतात. दिवा जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटर उंच धरला आणि दर शंभराला एक असा उतार ठेवला तर रेघ सत्तर मीटरवर रस्त्याला टेकते. तोच उतार शंभराला तीन झाला तर ती तेवीस मीटरवर टेकते. हातातलं चाक फिरवून जे अंतर मिळतं त्यासाठी लोक हजारो रुपयांचे बल्ब घेतात. तपासायला सपाट जागा आणि भिंत पुरते: चाकांत हवा योग्य, गाडी भिंतीपासून दहा मीटरवर, आणि डिपरची आडवी रेघ दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली. गाडीवर उताराचा वेगळा आकडा छापलेला असेल तर तो धरावा.

कायद्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पहिल्यांदा कायदा दाखवला की लोक दंडाचा हिशेब करतात आणि विषय तिथेच संपतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा; दिव्यापासून आठ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. किती ताकदीचा बल्ब यापेक्षा कोणाच्या डोळ्यांत प्रकाश जातो याचा हा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई कडकपणे वाचली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगतं. तरी हे बल्ब उघड विकले जातात. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, आणि त्या पंधरा वर्षांत तिच्या दिव्यांचा फोकस सरकारी यंत्रणा एकदाही तपासत नाही. पीयूसीसाठी मात्र गाडी ठरलेल्या मुदतीत केंद्रावर उभी राहते. तिथे धुराची नळी घालतात; त्याच दोन मिनिटांत डिपरची रेघ समोरच्या आखलेल्या फळ्यावर बघायला काय अडचण आहे? निदान सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर ब्रेक पॅडच्या जाडीबरोबर दोन आकडे लिहिले गेले पाहिजेत: बॅटरीवर किती व्होल्ट आणि पेटलेल्या बल्बवर किती. गिऱ्हाइकाने ते मागितले तर गॅरेजला द्यावेच लागतील.

मीटर लावून झाला, अर्थ घासला, रिले बसवला, काच साफ केली, फोकस भिंतीवर बघितला, आणि तरीही उजेड पुरत नाही असं कोणी म्हणालं तर माझं म्हणणं असं आहे: बल्ब जुने असतील तर दोन्ही एकदम बदला, कारण जुन्या हॅलोजनची तार झिजून मंद होते. नामांकित कंपनीचे ६०/५५ चेच घ्या, बसवताना काचेला बोट लावू नका, खाच नीट बसल्याची खात्री करा. त्यानंतरही समाधान नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि रात्री घाटात वेग वीस किलोमीटरने कमी करा.